गाळलेल्या जागा

फळ्याच्या वर लावलेल्या पट्टीवर अक्षरं उमटली, "सम भुज तरी कोण", आणि वर्ग हसला.

गणिताचे सर म्हणाले होते, समभुज त्रिकोण. त्यांनी वळून वर पाहिलं, चष्मा सारखा केला आणि यंत्राला कळावं म्हणून तोच शब्द तोडून तोडून पुन्हा म्हटला. पट्टी क्षणभर थांबली आणि तिने लिहिलं, "त्री कोण". त्यानंतर तासभर ज्या ज्या कोनाचं नाव निघालं त्याची पट्टीने चौकशीच केली. काटकोनाला 'काठ कोण', लघुकोनाला 'लघु कोण', आणि विशालकोन म्हटल्यावर तर तिने सरळ विचारलं, 'विशाल कोण'. हे यंत्र आधी पोलिसात नोकरीला होतं वाटतं, असं शेवटच्या बाकावरचा बसड्रायव्हर म्हणाला.

सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या तक्त्यात नोंद केली, 'दिवस पहिला. कोन या शब्दाला अडचण.'

शाळा मध्येच सुटलेल्या मोठ्या माणसांना शालान्त परीक्षेला बसवणारं ते केंद्र होतं. वर्ग दुपारी तीन ते पाच भरायचा, म्हणजे सकाळची पाळी संपवून लोक यायचे. बसड्रायव्हर, एक पहारेकरी, नर्सांच्या दोघी मदतनीस, एक गवंडी, आणखी असेच, मिळून एकोणीस. सगळ्यात लहान विद्यार्थी बत्तीस वर्षांचा आणि सगळ्यात मोठी विद्यार्थिनी त्रेपन्न वर्षांची. त्या वर्षी मुख्य कार्यालयाने वर्गात वापरायची तीन साधनं केंद्राला तीन-तीन आठवडे बघायला दिली होती. तिन्हींतलं एकच कायम मिळणार होतं. कोणतं घ्यावं याचा अहवाल लिहायचं काम संचालिकाबाईंनी सरांच्या गळ्यात टाकलं, कारण कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस केंद्रात तेवढा एकच होता.

सरांचा स्वतःचा असल्या कशावर विश्वास नव्हता. अपूर्णांक खडूने शिकवा नाहीतर विजेने शिकवा, छेद समान करावाच लागतो, असं त्यांचं म्हणणं. पण अहवालाचा नमुना बावीस प्रश्नांचा होता, प्रत्येक प्रश्नाला पाच गुण होते, आणि हातात आलेला नमुना अर्धवट भरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिले तीन आठवडे भिंतीएवढा पडदा होता. त्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची, वर्तुळ दोन बोटांनी ताणलं की मोठं व्हायचं. वर्ग त्याच्यावर बेहद्द खूश. गवंडी एरवी फळ्याजवळ यायला लाजायचा. तो स्वतःहून उठून गेला आणि भिंतीला गिलावा करावा तशा ऐसपैस हाताने त्याने शंकू रंगवला. पुढचे तीन आठवडे बटणं होती. प्रत्येकाच्या हातात एक छोटी डबी. प्रश्न विचारला की ज्याने त्याने आपल्या उत्तराचं बटण दाबायचं. कोणी काय दाबलं ते कुणालाच कळत नाही, नुसती बेरीज दिसते. पहिल्याच दिवशी सरांनी अपूर्णांकांवरचा सोपा प्रश्न घातला आणि एकोणिसातल्या अकरा जणांनी चूक उत्तर दाबलं. हेच अकरा जण महिन्यापूर्वी 'समजलं का' असं विचारल्यावर माना डोलावून मोकळे झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून काढले.

तिसरी ही पट्टी. वर्गात जे बोललं जाईल ते ऐकायचं आणि फळ्याच्या डोक्यावर लिहून दाखवायचं, एवढंच तिचं काम. एक माइक सरांच्या टेबलावर, एक मागच्या भिंतीवर. माहितीपुस्तकात तिला लांबलचक नाव होतं, वर्गाने पट्टी म्हणून टाकलं. बहिऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी, असं पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. आपल्या वर्गात कोणी बहिरं नाही, तेव्हा या प्रश्नाला शून्य गुण, असं सरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी सर फळ्यावर लंब काढत होते. रेषेच्या बाहेर एक बिंदू घेतला आणि म्हणाले, हा बिंदू रेषेवर नाही, बाहेर उभा आहे. मागून ड्रायव्हर शेजारच्यापुरतं पुटपुटला. मागच्या माइकने ते अचूक टिपलं आणि पट्टीवर सुवाच्य अक्षरांत आलं, "आत जागा आहे, पुढे सरका."

मागचे दोन बाक आधीच हसून चुकले होते. अक्षरं उमटल्यावर पहिल्या बाकावरून एक हसू आलं. मोठं, मोकळं, खोलीला जरा जास्तच होईल असं. सर वळले. मावशी हसत होत्या. नुसत्या हसत नव्हत्या, मागे वळून ड्रायव्हरकडे बघत होत्या, आणि ड्रायव्हरला अंगावर गुलाल पडावा तसं झालं होतं, कारण तीन वर्षांत मावशींनी त्याच्याकडे कधी वळून बघितलेलं नव्हतं.

मावशी म्हणजे ती त्रेपन्न वर्षांची विद्यार्थिनी. वयाने मोठ्या म्हणून सगळेच त्यांना मावशी म्हणत. इस्पितळाच्या धुलाईघरात सतरा वर्षं कामाला. पहिला बाक, बरोबर मधली जागा, ही त्यांची ठरलेली. कोणी तिथे बसलं तर त्या शेजारी उभ्या राहून तो माणूस उठेपर्यंत वाट बघत. वर्गात त्या बोलत नसत. प्रश्न विचारला की पुस्तकात बघत. गणितात दोनदा नापास झाल्या होत्या. मावशी स्वभावाने फार चांगल्या, डोकं तेवढं जरा जड, असं वर्गाचं मत होतं. सरांचंही मत याहून फार वेगळं नव्हतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

त्याच आठवड्यात मागच्या बाकावरून एका मदतनीस बाईने काहीतरी विचारलं. सरांनी फळ्यावरचा हात न थांबवता उत्तर दिलं. तेव्हा मावशींनी हात वर केला. आधी सरांना वाटलं, त्यांना बाहेर जायचं असेल.

"त्यांनी परीघ विचारला, सर," मावशी म्हणाल्या. "तुम्ही क्षेत्रफळ सांगितलंत."

सरांनी वर पट्टीकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, "या चाकाचा परी घर किती". परी घर. त्यातून मावशींनी परीघ काढला होता. आणि सरांना कान असून तो ऐकू आला नव्हता.

अहवालाच्या सतराव्या प्रश्नात वह्या तपासायला सांगितल्या होत्या. साधन येण्याआधीचं लिखाण आणि नंतरचं, यांची तुलना. सरांनी तीन वह्या मागून घेतल्या. ड्रायव्हरच्या वहीत रोजची तारीख न चुकता होती आणि तारखेखाली बहुतेक ठिकाणी काही नव्हतं. पहारेकऱ्याची वही छापल्यासारखी, पण फळ्यावर होतं तेवढंच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तिसरी वही मावशींची.

रविवारी सकाळी सर जेवणाच्या टेबलावर ती घेऊन बसले. पट्टी यायच्या आधीच्या आठवड्याचं एक पान उघडलं. त्यांना वाटलं, शाई पुसली गेली आहे. मग दिसलं की ओळींमध्ये जागा सोडलेल्या आहेत. 'वर्तुळाच्या' असं लिहून पुढे दोन बोटं रिकामी, मग 'म्हणजे', मग पुन्हा रिकामी, 'जोडणारा रेषाखंड', आणि पुन्हा चार बोटं. काही जागा लहान होत्या, काही अर्ध्या ओळीच्या. शाईत सोडलेल्या त्या जागांमध्ये नंतर कधीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरांत शब्द भरले होते. समासात आकडे होते. सरांनी पाठ्यपुस्तक आणून आकडे लावून बघितले. ती पुस्तकातली पानं होती. जो शब्द ऐकू आला नाही तो या बाईने घरी जाऊन पुस्तकभर शोधला होता, सापडला तिथलं पान लिहून ठेवलं होतं, आणि सोडलेल्या जागेत मावेल असा बसवला होता. जिथे सापडला नव्हता तिथे अंदाजाने लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं.

सर पान उलटत गेले. तीन वर्षांच्या चार वह्या मावशींनी न मागता एकत्र बांधून दिल्या होत्या. सगळ्यांत तेच.

पट्टीची अचूकता काढायला त्यांनी वर्गातलं बोलणं फोनवर टिपून ठेवलं होतं, आधीच्या आठवड्यातला एक तासही चाचणी म्हणून टिपलेला होता. तो तास त्यांनी लावला आणि मावशींच्या वहीतलं त्या दिवसाचं पान समोर ठेवलं. आपलाच आवाज ऐकत बोट ओळीवरून नेऊ लागले. बोलणं स्वच्छ चाललेलं असायचं तिथे वहीत सलग शाई होती. मध्येच फोनमध्ये खडूचा टकटक आवाज यायचा, आणि टकटक सुरू झाली की वहीत जागा सुटलेली असायची. टकटक थांबली की शाई सुरू. त्यांनी तीनदा मागे नेऊन ऐकलं. प्रत्येक वेळी तेच. त्या वहीत, तीन वर्षं, सर कधी फळ्याकडे वळले आणि कधी परत फिरले, याची तंतोतंत नोंद होती.

त्यांची बायको भाजी चिरत होती. तिने विचारलं, एवढं काय ऐकताय. सरांनी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यात नवीन काय? घरातही तुम्ही भिंतीशीच बोलता. मला निदान बाहेर येऊन विचारता येतं."

सरांनी कागद घेतला आणि मोजलं. पट्टीसाठी जसं मोजायचं होतं तसंच मोजलं, शब्दाला शब्द. त्या पानावर त्यांच्या तोंडचे एकशे चाळीस शब्द होते. मावशींच्या शाईत त्यातले त्र्याऐंशी होते. उरलेले सत्तावन्न त्यांनी स्वतः घडवले होते. त्या सत्तावन्नातले त्रेपन्न बरोबर होते. चार चूक. आणि चूक होते त्या चारही शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आधीच घातलेलं होतं.

सरांनी पेन खाली ठेवलं. चोवीस वर्षं त्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. बरोबर काय आणि चूक काय हे लाल शाईने सांगायचं काम त्यांचं. आपलं काय चुकलंय हे इतकं नेमकं माहीत असलेलं पान त्यांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. पट्टी शंभरातले एक्याण्णव शब्द बरोबर लिहायची, पण उरलेले नऊही ती तितक्याच दिमाखात लिहायची. त्यांनी पान पुन्हा वाचलं. बायकोने जेवायला हाक मारली ती त्यांना दुसऱ्या वेळी ऐकू आली.

सोमवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मावशींना थांबायला सांगितलं. वह्या परत दिल्या. काय विचारायचं ते त्यांनी घरून जुळवून आणलं होतं, पण मावशींनीच वह्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला कळलंय ते मला कळलं. वह्या दिल्या तेव्हाच मला वाटलं होतं, सर बघणारा माणूस आहे, त्यांना कळेल.

मग त्यांनी सांगितलं. धुलाईघरात मोठे पिंप फिरतात आणि चादरींना इस्त्री करणारे लोखंडी रूळ असतात, तो आवाज दिवसभर. कान एकदम गेले नाहीत. आधी स, श, फ अशी बारीक अक्षरं गेली. मग बायकांचे आवाज पातळ झाले. "पाखरं कधी गेली ते तर मला दोन वर्षांनी कळलं," त्या म्हणाल्या. "खिडकीत एक बसलं होतं, चोच उघडत होतं, मिटत होतं. मी म्हटलं, हे मुकं का?"

सरांनी विचारलं, मग वर्गात तुम्हाला कळतं कसं. तोंडाकडे बघून, असं त्या म्हणाल्या. अर्धं तोंडावरून, अर्धं मागचं-पुढचं जुळवून. मागच्या बाकावरचं काहीच नाही, ते सोडूनच द्यायचं. सगळे हसले की आपणही हसायचं.

"आणि रागावणार नसाल तर सांगते," मावशी म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुम्ही मिशी काढली होतीत बघा. तो महिना मला सोन्यासारखा गेला. सगळं भूमितीचं त्या महिन्यातलंच येतंय मला. मग तुम्ही परत वाढवलीत."

सरांचा हात आपोआप ओठावर गेला. ती मिशी त्यांनी एका पैजेत हरल्यामुळे काढली होती.

मावशींचं एकच मागणं होतं. हे कोणाला सांगायचं नाही. धुलाईघरात पाळीची प्रमुख निवृत्त होणार होती. ती जागा शालान्त प्रमाणपत्र असलेल्या बाईला मिळणार होती, आणि सतरा वर्षांत कामातलं जेवढं मावशींना माहीत होतं तेवढं तिथे कोणालाच नव्हतं. पण कानाचं कळलं तर कागदाआधी कानच बघतील. सरांनी शब्द दिला.

अहवाल गुरुवारपर्यंत द्यायचा होता. सरांनी गुणांची बेरीज केली. एकशे दहापैकी पडद्याला एक्याण्णव, बटणांना चौऱ्याऐंशी, पट्टीला त्रेसष्ट. आकडे खोटे करणं त्यांना जमणारं नव्हतं. बहिऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला दिलेलं शून्य खोडून पाच करावं असं त्यांना फार वाटलं, पण तिथे कारण लिहायचा रकाना होता आणि कारण त्यांच्याकडे असूनही नव्हतं. बराच वेळ बसून शेवटी त्यांनी इतर शेऱ्यांच्या जागेत लिहायला घेतलं.

शुक्रवारी बैठक झाली. संचालिकाबाई, भाषेच्या शिक्षिका आणि मुख्य कार्यालयातून आलेले एक साहेब. साहेबांनी बेरजा बघितल्या आणि शेरा सरांनाच वाचून दाखवायला सांगितला. सरांनी उभं राहून वाचला. गुण कमी असूनही मी पट्टीची शिफारस करतो. याचं कारण विद्यार्थी नसून मी आहे. मी चोवीस वर्षं फळ्याकडे तोंड करून बोलत आलो आहे. माझ्या बोलण्यातले शंभरातले चाळीस शब्द वर्गापर्यंत पोचत नाहीत, हे मी मोजलं आहे. पट्टी ते शब्द पोचवते. मागच्या बाकावरचं बोलणं पुढे पोचवते, आणि त्याने वर्गातली माणसं एकमेकांना ओळखू लागली, हेही मी पाहिलं आहे.

भाषेच्या शिक्षिका सरांकडे बघत राहिल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. ते हसून म्हणाले, सर, तुमच्या एवढ्याशा सवयीसाठी एवढं मोठं यंत्र कशाला? तुम्ही वळा की.

सगळे हसले. सरांनाही पटलं, आणि तेच त्यांना फार लागलं. पडदा मंजूर झाला. पुढच्या बुधवारी दोन माणसं आली, त्यांनी पट्टी उतरवली, माइक काढले आणि खोक्यात घातले. फळ्याच्या वर चार भोकं राहिली. सरांनी आदल्याच दिवशी मावशींना थांबवून हे सांगून ठेवलं होतं, म्हणजे रिकाम्या भिंतीवरून त्यांना कळायला नको. मावशी म्हणाल्या, तीन आठवडे तरी मिळाले, लोकांना कधी एवढेही मिळत नाहीत. ड्रायव्हर फार चांगला माणूस आहे, हे त्यांनी वर सांगितलं.

सरांनी मिशी काढली. बायकोने आता कोणती पैज म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, हीच मोठी आहे.

वळणं काही सोपं नव्हतं. चोवीस वर्षांची सवय हातात आणि मानेत बसलेली. खडू हातात आला की तोंड त्याच्यामागे जायचं. मग त्यांनी पडद्याचं माहितीपुस्तक पुन्हा काढलं आणि त्यात एक गोष्ट सापडली, जी त्यांनी गुण देताना नुसती वाचून सोडली होती. आकृत्या घरी काढून आणता येत होत्या. तेव्हापासून ते रोज सकाळी टेबलाशी बसून दिवसाच्या आकृत्या काढत, आणि वर्गात पडद्याच्या कडेला, वर्गाकडे तोंड करून उभे राहत. लिहायचंच झालं तर गप्प राहून लिहीत, लिहून झालं की वळत आणि मग बोलत. मागून कोणी काही विचारलं की आधी तो प्रश्न समोर बघून पुन्हा म्हणत. ड्रायव्हर पुटपुटला तर तेही पुन्हा म्हणत, जसंच्या तसं, गंभीर चेहऱ्याने. ड्रायव्हरला वाटलं सर आपल्याला चिडवतायत, म्हणून तो दोन दिवस गप्प बसला. मग त्याच्या लक्षात आलं की सरांच्या तोंडून त्याचे विनोद जास्त चालतात. वर्गाची समजूत अशी झाली की सर आता थकले, सावकाश बोलतात, सगळं दोनदा सांगतात. पण अपूर्णांक येऊ लागले होते, तेव्हा कोणी तक्रार केली नाही.

मावशींच्या वहीकडे सर मुद्दाम बघत नसत. बाकावरून जाताना नजर पडायची. जागा अजून सुटत होत्या, कारण माणूस कितीही वळला तरी कधीतरी खोकतो, कधीतरी खाली बघतो.

निकाल लागला त्या दिवशी मावशींची सकाळची पाळी वाढली होती. त्या आल्या नाहीत. केंद्रात जमलेल्यांना पत्रकं वाटून झाली तरी त्यांचं उरलं. सरांनी त्यावरचे गणिताचे गुण पुन्हा एकदा वाचले, ते पाकिटात घातलं आणि चालत इस्पितळाकडे निघाले.

धुलाईघर मागच्या अंगाला होतं. दार ढकललं आणि आवाज सरांच्या छातीवरच आदळला. लांबच लांब दालन, एका बाजूला माणूस उभा मावेल एवढी पिंपं फिरतायत, दुसऱ्या बाजूला रुळांमधून चादरी सरकतायत, वाफ, आणि त्यात पंचवीस-तीस बायका. सरांनी दाराजवळच्या बाईला विचारलं, मावशी कुठे आहेत. आपलं विचारणं त्यांना स्वतःलाच ऐकू आलं नाही. बाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली, आणि दालनाच्या मध्यावर असलेल्या दुसऱ्या बाईकडे बघून ओठ हलवले. मधल्या बाईने मान वर केली आणि पलीकडे वळून ओठ हलवले. दालनाच्या दुसऱ्या टोकाला चादरीचं टोक धरून उभ्या असलेल्या मावशी वळल्या.

सरांनी अजून पाऊलही टाकलं नव्हतं.

मधे साठ-सत्तर पावलांचं अंतर होतं. सरांनी पाकीट वर धरलं आणि मग ते खाली केलं. त्यांनी मावशींकडे सरळ तोंड केलं आणि आवाज न काढता, सावकाश, एकच शब्द म्हटला.

"एकाहत्तर."

मावशींनी तो वाचला. हातात रुळातून निघालेली गरम चादर होती, समोरच्या बाईच्या हातात तिची दुसरी टोकं होती, ती सोडता येत नव्हती. त्यांनी समोरच्या बाईकडे बघून ओठ हलवले. ती बाई शेजारणीकडे वळली. आणि मग सरांनी ती बातमी जाताना पाहिली. एकेक चेहरा वर होत होता, वळत होता, पुढच्याला देत होता. पिंपांच्या रांगेतून ती गेली, रुळांच्या कडेने वळली, वाफेत दिसेनाशी झाली आणि पलीकडून निघाली. इतक्या गोंगाटात एक शब्द सांडला नाही. दालनात जी एकटी मोठ्याने बोलत होती ती पाळीची प्रमुख, आणि तिचंच कोणाला ऐकू जात नव्हतं. तिलाही एकीने दंडाला धरून वळवलं आणि ओठांनी सांगितलं.

सर दारात उभे होते. त्यांना वाटलं, आपण एवढी वर्षं वर्ग वर्ग म्हणतो तो हा.

मावशी पुन्हा काहीतरी म्हणाल्या, या वेळी लांबलचक, मान तिरकी करून, आणि सबंध दालनातल्या बायकांनी एकदम सरांकडे बघितलं आणि हसल्या. काय म्हणाल्या ते सरांना कळलं नाही. त्यांनी दाराजवळच्या बाईला विचारलं. तिने हात हलवला, काही नाही म्हणून, आणि ती पुन्हा हसली.

पलीकडे मावशी आणि त्यांची जोडीदारीण एकमेकींकडे चालत गेल्या. चादरीची टोकं जुळली, घडी झाली. मावशींनी ती ढिगावर ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि पुढची चादर उचलली.